मुनीच्या मापाने

काटेसाहेबांचा आपल्या साडूवर राग नव्हता. राग असता तर एकदा भांडून मोकळं होता आलं असतं. त्यांना व्हायची ती जळजळ, आणि ती रोज दोनदा व्हायची, कामाला जाताना आणि कामावरून येताना. कारण साडूंचा फोटो स्टुडिओ नेमका त्यांच्या रस्त्यावर होता, आणि स्टुडिओच्या काचेमागे मुनीचा फोटो लावलेला होता.

मुनी म्हणजे साडूंचा मुलगा. वय साडेचार वर्षं. फोटोत तो खुर्चीवर बसला होता. भांग सरळ, हात मांडीवर, मोजे दोन्ही पायांत आणि दोन्ही सारख्याच उंचीवर. डोळे असे रोखलेले की जणू फोटोग्राफरच्या तोंडून पडणारा शब्द तो झेलायलाच बसला आहे. येणाऱ्याजाणाऱ्या बायका काचेपाशी थांबत, "किती गुणाचं पोर!" असं म्हणत, आणि आपल्या हाताला लोंबकळणाऱ्या पोराला एक धपाटा घालून पुढे जात.

काटेसाहेबांची लेक मुनीपेक्षा पाच महिन्यांनी लहान. तिला घरात, दारात आणि बालवाडीत भिंगरी म्हणत, आणि हे नाव ठेवायला कोणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. त्याच स्टुडिओत, त्याच खुर्चीवर, साडूंनी तिचेही बारा फोटो काढले होते. अकरा फोटोंत ती होती, पण चालू पंख्याची पाती फोटोत असतात तशी होती. बाराव्यात नुसती खुर्ची होती.

"खुर्ची छान आलीय," साडू म्हणाले होते.

काटेसाहेब वजनमाप खात्यात निरीक्षक. बाजारातल्या दुकानांत अचानक शिरायचं, दुकानदाराचा काटा समोर ओढायचा, आपली पेटी उघडायची. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली. ती बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्याने उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. चिमट्याने वजन ठेवायचं, काटा खरा निघाला तर शिक्का मारायचा, खोटा निघाला तर दुकानदाराच्या तोंडाकडे नुसतं बघायचं. बाकीचं तो स्वतःच बोलतो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत काटेसाहेबांचं एक ठाम मत झालं होतं. खात्रीचं एक वजन हाताशी असलं की जगातल्या कुठल्याही काट्याचा न्याय करता येतो.

अशा माणसाला बालवाडीतून बोलावणं आलं.

बालवाडीतली खुर्ची मुलांच्या मापाची होती. काटेसाहेब तिच्यावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांच्या आसपास आले.

"हुशार आहे हो," बाई म्हणाल्या. हुशारीपासून सुरुवात झाली की पुढे काय येतं हे काटेसाहेबांना ठाऊक होतं. दुकानदारही आधी चहा विचारतात. "पण बसतच नाही. काल गोष्ट सांगत होते. राजा जंगलात शिरला, आणि ही खिडकीत चढली. म्हटलं, उतर. तर म्हणते, इथून राजा नीट दिसतो."

"दिसला का?"

बाई हसल्या नाहीत. "एकाला ढकललं, एकीचे रंग सांडले, आणि मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर गेली. रस्त्यावर. रखवालदाराने पकडली म्हणून." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ते अतिचंचलपणाचं, एडीएचडी का काय म्हणतात, ते नाही ना, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. महिनाअखेरपर्यंत त्यांची चिठ्ठी आली नाही, तर मोठ्या बाई म्हणतात, आम्हाला तिला ठेवता येणार नाही."

जाताना काटेसाहेबांनी फाटकाची कडी दोनदा ओढून पाहिली. मग ते परत निघाले, आणि वाटेत काचेमागून मुनीने त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही मोजे अजून सारख्याच उंचीवर होते.

बायकोचं शिवणाचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. तिने तोंडात टाचण्या धरूनच सगळं ऐकून घेतलं आणि टाचण्या काढून विचारलं, "मग डॉक्टरांकडे कधी जायचं?"

"तुझ्या बहिणीला काही बोलू नकोस."

"का?"

"भाऊजी सल्ला देतील."

बायकोलाही ते पटलं. सल्ला म्हणजे साडूंचा जोडधंदाच होता.

लहान मुलांच्या मेंदूच्या आणि वाढीच्या डॉक्टरीणबाई स्वभावाने शांत होत्या. भिंगरीने त्यांच्या टेबलाखालून तीन फेऱ्या मारल्या, चौथ्या फेरीत त्यांची चप्पल घेऊन बाहेर आली, तरी त्या प्रश्नच विचारत राहिल्या. झोप किती, बोलायला कधी लागली, घरात कोणी असं होतं का. मग त्यांनी डोळे तपासले, आणि कान. भिंगरीच्या पाठीमागे उभं राहून, तोंडाशी कागद धरून, त्या कुजबुजल्या, "मांजर." भिंगरी म्यांव म्हणाली. "बेडूक." भिंगरीने खोलीभर उड्या मारल्या. "वाघ" म्हटल्यावर बाहेर बसलेली दोन पोरं रडायला लागली.

"कान उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोर लक्ष देत नाही असं कोणी म्हटलं की मी आधी कान बघते." त्यांनी दोन फॉर्म काढले, एक बालवाडीसाठी, एक घरासाठी. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी होत्या: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमीच. "दोन आठवडे नीट बघा आणि मग खुणा करा. मात्र तिच्या वयाच्या मुलांच्या मानाने, हं."

घरी येताना काटेसाहेबांच्या मनात ते शेवटचं वाक्य घोळत राहिलं. तिच्या वयाच्या मुलांच्या मानाने. म्हणजे वजन आलं. आणि खात्रीचं वजन तर नात्यातच होतं, काचेमागे बसवलेलं.

"मुनीला कशाला मध्ये आणता?" बायको म्हणाली. "मी गिऱ्हाइकाचे कपडे तिच्या शेजारणीच्या मापाने शिवते का?"

"कपड्यांचं वेगळं," काटेसाहेब म्हणाले. कपड्यांचं वेगळं का, ते त्यांना सांगता आलं नाही, म्हणून ते दुसऱ्या खोलीत गेले.

पुढचे दोन्ही रविवार ते सहकुटुंब साडूंकडे गेले. बरोबर वही, पेन्सिल आणि खात्याचं सेकंद मोजायचं घड्याळ.

"काय लिहिताय?" साडूंनी विचारलं.

"खात्याचं आहे. गुप्त."

मुनी गालिच्यावर ठोकळे रचत होता. एकावर एक, एकावर एक, अठ्ठावीस मिनिटं. काटेसाहेबांनी आकडा लिहिला आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याच अठ्ठावीस मिनिटांत भिंगरीने सोफा, खिडकी, मावशीची मांडी आणि परत सोफा असा दौरा केला, आणि दर दोन मिनिटांनी मुनीपाशी येऊन त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून ओरडली, "बिस्कीट!" किंवा "चल!" किंवा "तुझी आई बोलावते!"

"अगं, सोड त्याला!" काटेसाहेब म्हणाले, आणि वहीत लिहिलं: दुसऱ्याच्या खेळात व्यत्यय, भिंगरी चौदा वेळा, मुनी शून्य.

"याला एकटं रमायची सवय आहे," मेहुणी कौतुकाने म्हणाली. "दहा हाका मारा, मान वर करणार नाही. कामात असला की जग बुडालं तरी चालेल. बोलतोही मोजकंच."

"वळण लावावं लागतं," साडू म्हणाले. "मुलं मातीच्या गोळ्यासारखी असतात."

"आमचा गोळा जरा पातळ झालाय," काटेसाहेब म्हणाले. ते हसले, साडूही हसले, आणि काटेसाहेबांनी बिस्कीट इतक्या जोरात चावलं की बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या रविवारी त्यांनी प्रयोगच केला. दोन्ही मुलं पाठमोरी असताना प्रत्येकाला दहा-दहा हाका मारल्या, आवाज न चढवता, एका अंतरावरून. भिंगरी सात वेळा वळली; तीन वेळा ती पडद्याला लटकलेली होती. मुनी एकदाही वळला नाही. काटेसाहेबांनी रकाने आखले. भिंगरीच्या पुढे शेरा लिहिला: 'लक्ष नाही.' मुनीच्या पुढे लिहिलं: 'विलक्षण एकाग्रता.' हे दोन शब्द लिहिताना त्यांना किती यातना झाल्या ते त्यांचं त्यांना माहीत. पण वजनमाप खात्याचा माणूस खोटी नोंद करत नाही.

मग त्यांनी फॉर्म भरला. अठरा प्रश्नांपैकी सतरा ठिकाणी 'नेहमीच'. अठराव्या प्रश्नापाशी पेन्सिल दोन मिनिटं थांबली. मग मुनी आठवला आणि तिथेही तेच झालं.

डॉक्टरीणबाईंनी आधी बालवाडीचा फॉर्म पाहिला. मग घरचा पाहिला. मग त्यांनी घरच्या फॉर्मला जोडलेली काटेसाहेबांची वही उघडली.

"बाईंच्या खुणा 'बऱ्याचदा'पाशी आहेत, काही 'कधीकधी'पाशी. तुमच्या सगळ्या 'नेहमीच'. एवढा फरक का?"

"बाईंकडे प्रमाण नाही," काटेसाहेब म्हणाले. "माझ्याकडे आहे. हा दुसरा रकाना. माझ्या साडूंचा मुलगा."

डॉक्टरीणबाई वाचत गेल्या. त्यांचं बोट ओळीवरून ओळीवर उतरत होतं. शेवटच्या पानावर ते थांबलं.

"हा एकदाही वळला नाही?"

"एकदाही नाही," काटेसाहेब कडवटपणे म्हणाले. "एवढी एकाग्रता."

"तुमची मुलगी सात वेळा वळली, आणि तिच्यापुढे तुम्ही लिहिलंय, लक्ष नाही."

"हो."

"आणि हा शून्य वेळा वळला, त्याच्यापुढे एकाग्रता."

काटेसाहेबांनी वही आपल्याकडे वळवून पुन्हा वाचली. टेबलाखालून चप्पल निघून चालली होती, तिच्याकडेही कोणी पाहिलं नाही.

"बोलतो किती?"

"मोजकं."

"समोरच्याच्या तोंडाकडे बघतो?"

काटेसाहेबांना काचेमागचा फोटो दिसला. ते डोळे. दोन वर्षं रोज दोनदा पाहिलेले.

"मी या मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे काही सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याच्या आईवडिलांना सांगा, याचे कान लवकर तपासून घ्या. या वयात ऐकण्यात कमी पडलं तर बोलणं मागे राहतं. नसेल काही तर उत्तमच."

खरं सांगायचं तर, पहिल्या क्षणी काटेसाहेबांना आनंद झाला. छातीत काहीतरी फुगलं. अठ्ठावीस मिनिटं! विलक्षण एकाग्रता! ते फुगलेलं जेमतेम दोन श्वास टिकलं. मग त्यांना आठवलं की खात्यातली प्रमाण वजनंसुद्धा वर्षातून एकदा मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायची असतात. पंचवीस वर्षांत त्यांनी ती तारीख कधी चुकवली नव्हती. आणि या वजनाला मात्र त्यांनी हात न लावता, चिमट्याने, थेट तराजूत ठेवलं होतं.

"आणि आमचीचं काय?" बायकोने विचारलं. वहीकडे तिने पाहिलंही नव्हतं.

"असू शकतं. नसूही शकतं. चार वर्षांच्या मुलीला शिक्का मारायची मला घाई नाही. पण फाटकाबाहेर जाणं मी हसण्यावारी नेणार नाही. दर शनिवारी तुम्ही दोघं या. तिच्याशी कसं वागायचं ते शिकवते. म्हणजे ती नाही, तुम्ही शिकायचं. सहा महिन्यांनी परत बघू. बालवाडीला मी चिठ्ठी देते: हिला काढू नका, पुढे बसवा, दर थोड्या वेळाने उठायचं काहीतरी काम द्या. आणि हा घरचा फॉर्म नवा भरा." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "दुसरा रकाना न आखता."

बालवाडीचा प्रश्न असा सुटला. पण काटेसाहेबांच्या अंगावर दुसरा येऊन पडला होता, आणि तो स्टुडिओत उभा होता.

"तुमचीला डॉक्टरकडे न्यायची पाळी आली," साडू म्हणाले, "म्हणून आता आमच्याला पण?"

दुपारची वेळ होती. गिऱ्हाईक नव्हतं. मुनी मागच्या पडद्यापाशी जमिनीवर बसून रिकामे डबे एकात एक घालत होता. भिंगरी दिव्यांच्या वायरी ओलांडण्याचा खेळ खेळत होती. काटेसाहेबांनी वही उघडून दाखवली. तीच चूक झाली.

"ही गुप्त वही? माझ्या घरात बसून, माझी बिस्किटं खाऊन, माझ्या मुलाची मापं काढत होता?"

"हो."

"का?"

"जळत होतो म्हणून."

 इतकं सरळ उत्तर साडूकडून साडूला मिळण्याची पद्धत नाही.

"दोन वर्षं जळतोय," काटेसाहेब म्हणाले. "त्या फोटोवर. रस्ता बदलून पाहिला, लांब पडतो. तुम्ही म्हणाल, हा माणूस आमचं वाईट चिंततो. चिंतलं असेल थोडंफार, नाही म्हणत नाही. पण साडूसाहेब, जळणाऱ्या माणसाइतकं बारीक लक्ष कोणी देत नाही. तुम्ही बाप आहात, तुम्हाला कौतुकात दिसणार नाही. मी दहा हाका मोजल्यात."

"तो कामात असतो!"

"मीही तेच लिहिलंय. वाचा."

साडूंनी वाचलं नाही. त्यांनी वही काउंटरवर आपटली. "तुमच्या पोरीने एक मिनिट बसून दाखवावं, मग माझ्या पोराच्या कानांबद्दल बोला! आधी स्वतःच्या..."

तेवढ्यात भिंगरीचा पाय वायरीत अडकला. दिव्याचा उंच स्टँड कलला, त्याने लोखंडी स्टुलाला ओढलं, आणि दोन्ही मिळून फरशीवर असे कोसळले की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. साडू दचकले. काटेसाहेबांनी छातीवर हात ठेवला. भिंगरी स्वतः किंचाळली.

मुनीने एक डबा दुसऱ्या डब्यात घातला.

मग फरशी हादरल्याचं कळून असेल, त्याने तळहात जमिनीवर टेकवला, जरा थांबला, आणि पुढचा डबा उचलला. मागे वळला नाही.

साडू त्याच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांनी हाक मारली, हळू. मग जरा मोठ्याने. मग त्यांनी त्याचं पाळण्यातलं नाव घेतलं, जे आता घरात कोणीच घेत नसे.

"काका, तसं नाही," भिंगरी म्हणाली. स्टँड पाडल्याबद्दल कोणी रागवत नाही म्हटल्यावर तिला धीर आला होता. "त्याला समोरून सांगायचं असतं. असं." ती धावत गेली, मुनीचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं आणि ओरडली, "तुझे बाबा बोलावतात!"

मुनीने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग वळून बापाकडे पाहिलं, आणि हसला. तेच फोटोतले डोळे.

"कधीपासून असं सांगतेस?" काटेसाहेबांनी विचारलं.

"नेहमीच," भिंगरी म्हणाली, आणि पळाली.

काटेसाहेबांना वहीतले ते चौदा व्यत्यय आठवले.  साडूंनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, स्टुलावर बसायला गेले, ते पडलेलं होतं हे लक्षात आल्यावर उभे राहिले, आणि म्हणाले, "त्या डॉक्टरांचा पत्ता द्या."

मुनीच्या दोन्ही कानांत पडद्यामागे घट्ट पाणी साचलेलं निघालं. पुष्कळ मुलांना होतं, वेळेवर कळलं तर बरं होतं, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. छोटीशी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या आठवड्यात मुनीला पंख्याचा आवाज ऐकू आला आणि तो दोन दिवस पंख्याखालीच बसला. तिसऱ्या आठवड्यापासून तो बोलायला लागला. आणि एकदा लागला तो लागला. मोजकं बोलणं संपलं. पातेल्यावर चमचा वाजवणं सुरू झालं. नळ, दारं, घंट्या, शेजारी, सगळ्यांना त्याने आवाज करायला लावलं. मेहुणी डोकं धरून बसू लागली. साडूंनी सल्ले देणं बंद केलं. निदान मुनीच्या आवाजापुढे त्यांचा सल्ला कोणाला ऐकू येत नसे.

भिंगरी बालवाडीत राहिली. दर वीस मिनिटांनी उठून सगळ्यांना रंगपेट्या वाटायचं आणि परत गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. ती अजून खिडकीत चढायची, पण आधी विचारायची. शनिवारी काटेसाहेब आणि बायको शिकायला जायचे. काटेसाहेबांना गृहपाठ मिळायचा आणि ते तो विसरायचे. सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून शिक्का नाही. पण बालवाडीचा आणि घरचा फॉर्म या वेळी जुळतायत." काटेसाहेबांना शाळेत असताना झाला नसेल एवढा आनंद झाला.

"आणि तो मुनी?" डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारलं. "कानवाले डॉक्टर सांगत होते, फार झपाट्याने सुधारला. इतक्या लवकर बोलणं भरून काढलेलं पोर क्वचित पाहिलं म्हणे."

काटेसाहेबांच्या छातीत ओळखीची जळजळ झाली. यातही पहिला नंबर त्याचाच.

येताना ते सवयीने काचेपाशी थांबले. जुना फोटो काढलेला होता. त्या जागी नवा लागला होता. त्याच खुर्चीवर दोघांना बसवलं होतं, निदान बसवायचा प्रयत्न केला होता. मुनीचं तोंड उघडं आणि धूसर, हात हवेत. शेजारी भिंगरी, नुसता एक रंगाचा फराटा.

काटेसाहेब वाकले. काचेला नाक लागेपर्यंत वाकले. एका डोळ्याने मुनीचा फराटा पाहिला, मग भिंगरीचा. बोटाने हवेत अंदाज घेतला. मग पुन्हा घेतला.

"आपली जास्त हललीय," ते बायकोला म्हणाले, आणि पंचवीस वर्षांत कुठल्या काट्यावर शिक्का मारतानाही ताठली नव्हती एवढी मान ताठ करून चालू लागले.